गोड लाल वाइनच्या तळाशी

माणसाचं तोंड माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. आणि का नसावं? मी कवळ्या बनवतो. डॉक्टर मंडळी माप घेतात आणि बिल करतात. दात जन्माला येतात ते आमच्या टेबलावर. आमच्या भागातली निम्मी भाषणं आणि बरीचशी लग्नं माझ्या दातांच्या जिवावर पार पडली आहेत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, तर मी आधी काम बघतो, मग चेहरा.

त्यामुळे आमच्या घरी गोड लाल इटालियन वाइन आणि तिच्याबरोबर काय काय वाढावं असा विषय निघाला, तेव्हा न विचारता सल्ला देणं मला माझं कर्तव्यच वाटलं. "खाणं शेवटी दातांनीच करतात!" असं मी बायकोला ऐकवलंसुद्धा. हे वाक्य लक्षात ठेवा. ते फिरून माझ्याच गळ्यात येणार आहे.

आधी मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे बायकोचे मामा. कोपऱ्यावर त्यांचं छोटं रेस्टॉरंट आहे. मोजकी टेबलं, मागं लांबट स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात लहानपणापासून लुडबुडत मोठी झालेली माझी बायको. आज ती तिथली मुख्य आचारी आहे आणि हे पद तिनं मामांची बोलणी खाऊन मिळवलं आहे. मामांची जीभ म्हणजे काय सांगावं! सूपचा एक चमचा तोंडात घेऊन ते सांगायचे, कांदा घाईत परतलाय. लोणी कालचं आहे. मिरी कुटून बराच वेळ झालाय. एकदा सॉस चाखून ते बायकोला म्हणाले, ढवळताना तुझं लक्ष नव्हतं. खरंच नव्हतं. ती तेव्हा फोनवर माझ्याशी आमच्या लग्नाचं बोलत होती.

कौतुक या प्रकाराशी मामांचं कायमचं वाकडं. पदार्थ उत्तम जमला, तर ते चकार शब्द काढत नसत, पावानं ताटली पुसून परत देत. बायको अशा पुसलेल्या ताटल्यांची आठवण एखादीनं दागिन्यांची काढावी तशी काढते. आणि असा हा माणूस गेले काही महिने प्रत्येक घासाला "छान आहे" म्हणू लागला होता.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. वय झालं की माणूस मऊ होतो, असं मी म्हणालो. बायको मात्र घाबरली. एक दिवस तिनं मुद्दाम सूपमध्ये मीठच घातलं नाही. मामांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "छान आहे." त्या दिवशी ती घरी येऊन रडली. मी तिला समजावायला गेलो, तर म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं, ते मला रागवत नाहीयेत हो.

मामांनाही कळत होतंच. शेवटी त्यांनीच तिला बोलावून सांगितलं की माझी जीभ गेली, आणि ज्याला चव कळत नाही त्यानं लोकांना जेवायला घालू नये. शेजारचा चपलांचा दुकानदार कधीपासून रेस्टॉरंटची जागा मागत होता. त्याला होकार द्यायचं मामांनी ठरवलं. बायकोनं खूप विनवण्या केल्या. मग म्हणाली, मला एक संध्याकाळ द्या. मी वाढते, तुम्ही जेवा. एका घासाची जरी चव लागली, तरी जागा द्यायची नाही. मामा हो म्हणाले आणि हसले. फार सुंदर हसले.

ते हसू माझं होतं. वरची पूर्ण कवळी, याच वर्षी मी घडवलेली! माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम. हिरडीचा रंग असा की जन्मदात्या आईलाही फरक कळू नये. डावा सुळा मी मुद्दाम किंचित तिरका बसवला होता, कारण फार सरळ दात लगेच चहाडी करतात. आणि टाळूवर ती अशी घट्ट चिकटायची, की मामा शिंकले तरी जागची हलत नसे. बसवली त्या दिवशी मामा कसनुसं तोंड करून म्हणाले होते, टाळूवर कुणी झाकण ठेवल्यासारखं वाटतंय. आमच्या धंद्यात या तक्रारीला एकच उत्तर असतं. तेच मी दिलं: "सवय होईल."

तर, बायकोनं बराच विचार करून वाइन निवडली. ब्राकेत्तो तिचं नाव. उत्तर इटलीच्या टेकड्यांवरची, हलकी, गोड, बारीक बुडबुड्यांची लाल वाइन. नशा बेताची, वास मात्र घरभर. गुलाबाचा आणि पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा. बायकोचं म्हणणं असं की निम्मी चव नाकात असते. जीभ झोपली असेल, तर वास तिला हलवून उठवेल. आणि गोड वाइनबरोबर नुसतं गोड मांडायचं नाही. निळ्या बुरशीचं खारट चीज ठेवायचं, म्हणजे खारटानं गोडी खुलते. तिखट सलामी, म्हणजे मसालेदार मांसाच्या पातळ चकत्या ठेवायच्या, म्हणजे गोडीनं तिखटाची आग निवते. मग कुरकुरीत बदामाची बिस्किटं, ताज्या स्ट्रॉबेरी, आणि शेवटी बेताच्या साखरेचा काळाभोर चॉकलेट केक. हे सगळं ती बोटांवर मोजत सांगत होती आणि मी बघत होतो. ही बाई माझी बायको आहे, हे उठून चार लोकांना सांगून यावं असं मला वाटलं.

पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी लगेच दोन सूचना केल्या. लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवत नसतात. आणि ती आधी उघडून ठेवायची असते, तिला श्वास घेऊ द्यायचा असतो.

"अहो," बायको म्हणाली, "ही थंडच प्यायची असते. आणि हिला श्वासबिस घेऊ दिला, तर बुडबुडे उडून जातील. तुम्ही बाटलीला हात लावू नका. फक्त ग्लास तेवढे आणा."

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संसारी माणसांना सांगायला नको.

आता ग्लासांचं. आमच्या घरात आरपार दिसणारा एकही ग्लास नाही. कवळ्या बनवणाऱ्याच्या घरात कुठल्या ग्लासात कधी दात भिजत असतील याचा नेम नसतो. पाहुणे दचकतात. म्हणून माझ्या आईनं फार पूर्वी गडद निळ्या, जाड काचेचे, चांगले रुंद तोंडाचे ग्लास आणून ठेवले. कवळी साफ करायची गोळी पाण्यात टाकली की पाणी फसफसतं. कंपन्या मला नमुन्याच्या गोळ्या देत असतात, त्यामुळे ते पाणी कधी हिरवं असतं, कधी जांभळं. आईचा नियम सोपा आहे. फसफसतोय तो ग्लास दातांचा, बाकीचे पिण्याचे. या एका नियमावर आमचं घर वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

बायकोला त्या संध्याकाळपुरते भाड्यानं का होईना, उंच दांड्याचे स्वच्छ ग्लास हवे होते. वाइनचा रंग दिसायला हवा म्हणाली. ते आणायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी साफ विसरलो. विसरलो म्हणून कबूल करावं, तर ते नाही. "वाइन काय डोळ्यांनी पितात? तोंडानं पितात, आणि तोंडाचं मला सांगू नकोस," असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि निळे ग्लास धुवायला घेतले. सगळे धुतलेही नाहीत तोच केकची वेळ झाली.

केक ओव्हनमध्ये गेला, बायको कपडे बदलायला गेली आणि स्वयंपाकघरात मी आणि बाटली असे दोघेच उरलो. मी फ्रिज उघडला. बाटली बर्फासारखी गार! मला ते बघवेना. मी ती काढून तापलेल्या ओव्हनवर ठेवली, तिला जरा ऊब मिळावी म्हणून. मग काही वेळानं, श्वास घेऊ द्यावा म्हणून, बुचावरची तारेची जाळी सोडवली.

पुढचं फार झटपट झालं. बूच छताला आपटून कुठंतरी गेलं, ते अजून सापडलेलं नाही. बाटलीतून लाल फेस असा उसळला की मी भिंतीला टेकलो. हाताशी निळा ग्लास होता तो मी पुढं केला. ग्लास काठोकाठ भरला, तेव्हा कुठं बाटली शांत झाली. ग्लास मी सिंकच्या कडेला ठेवला, बाटली गुपचूप फ्रिजमध्ये परत सारली, आणि माझ्या शर्टानं भिंत पुसत असतानाच दारावरची बेल वाजली.

मामा आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, ओले करून विंचरलेले केस, आणि चेहरा परीक्षेला बसायला आल्यासारखा. मी त्यांना बसवलं. दोन शब्द बोलून झाल्यावर ते म्हणाले, डावीकडे जरा टोचतंय कवळी.

टोचतंय! आमच्या कानाला या शब्दासारखं दुसरं आमंत्रण नाही. मी हात पुढं केला आणि म्हणालो, "द्या इकडे मामा. चहा ढवळून होईपर्यंत देतो करून." मामांनी पाठ फिरवून दात काढले आणि रुमालात ठेवून माझ्या हवाली केले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझं छोटं घासायचं मशीन असतं. मी टोचणारी कड गोल केली, बोट फिरवून पाहिलं, दात सिंकजवळ ठेवले आणि चकाकी आणायची पेस्ट शोधायला आतल्या खोलीत गेलो.

तेवढ्यात माझी आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. माझ्या आईला उघड्यावर पडलेले दात बघवत नाहीत. शेजारीच निळा ग्लास होता. ग्लासात लाल पाणी होतं. आणि ते फसफसत होतं.

तिनं काय केलं ते तुम्ही ओळखलंत. मला ते ओळखायला पुढची सगळी संध्याकाळ लागली.

मी पेस्ट घेऊन परत आलो, तर दात नाहीत. आधी सिंकमध्ये पाहिलं. मग सिंकखाली पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून कचऱ्याच्या डब्यात, स्ट्रॉबेरीच्या देठांमध्ये हात घातला. तेवढ्यात बायको तयार होऊन आली. तिनं भरलेला ग्लास पाहिला आणि विचारलं, हा तुम्ही भरलात? मी डब्यातूनच "हो, मामांसाठी" असं म्हणून टाकलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. ती चक्क खूश झाली. निदान पाहुण्याचं अगत्य तरी आहे या माणसाला, असं तिला वाटलं असावं. तिनं फ्रिजमधून बाटली काढून बाकीचे ग्लास भरले, ट्रे उचलला आणि बाहेर गेली.

मी आईच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार बंद होतं, आई जेवणासाठी ठेवणीतले कपडे घालत होती. मी हळूच विचारलं, मामांचे दात पाहिलेस का ग?

"ग्लासात ठेवलेत," आतून आवाज आला.

हायसं वाटलं! मी धावत स्वयंपाकघरात गेलो. खिडकीत एक निळा ग्लास होता, त्यात हिरवं पाणी, आणि पाण्यात दात. मी ते स्वच्छ धुतले, पुसले, बाहेर नेऊन मामांच्या हातात दिले. मामांनी पाठ फिरवली, दात बसवले आणि आमच्याकडे वळले.

ते माझ्या एका गिऱ्हाइकाचे, आमच्या भागातल्या बँडमास्तरांचे दात होते. नवे कोरे, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते म्हणून धुऊन ठेवलेले. बँडमास्तर म्हणजे धिप्पाड माणूस, जबडा दाराच्या चौकटीएवढा. मामांचे ओठ मिटेचनात. तोंड खदाखदा हसत होतं आणि डोळे भेदरलेले होते. त्यांनी काहीतरी विचारलं, पण त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही.

"अहो, हे कुणाचे?" बायको म्हणाली.

मी दात परत घेतले. मग साहजिकच तिनं विचारलं, मामांचे कुठं आहेत? आणि मी, चार माणसांत शहाणा म्हणून ओळखला जाणारा माणूस, म्हणालो, "वाळताहेत."

बायकोनं टेबलाकडे पाहिलं. दिवसभर खपून तिनं मांडलं होतं सगळं. बदामाची बिस्किटं अशी कुरकुरीत की वाजावीत. सलामीच्या चकत्या. चीजचे तुकडे. आणि त्या सगळ्यासमोर मामा बसले होते, वरचा ओठ आत गेलेला, अचानक कितीतरी म्हातारे दिसत. मला फार वाईट वाटलं. विनोदाचं सोडा, पण त्या क्षणी मला खरंच मान वर करता येईना.

"खाणं शेवटी दातांनीच करतात, नाही का?" बायको मला इतकंच म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

मामा म्हणत होते, राहू दे पोरी, कशाला त्रास करून घेतेस, तसंही मला काही कळायचं नाही. पण ती ऐकेल तर ना! मी दारात उभा राहून पाहत होतो. आमच्या भांडणाचा, माझ्या घोळाचा, उद्याच्या चपलावाल्याचा तिच्या हातांना पत्ताच नव्हता. तिनं बिस्किटं चुरली आणि त्यांवर वाइन शिंपडून ती मऊ व्हायला ठेवली. सलामी अगदी बारीक चिरून लोण्यात कालवली. चीज सायीत घोटलं. स्ट्रॉबेरी काट्यानं ठेचल्या. केकच्या कडा कापून टाकून मधला ओलसर भाग तेवढा काढला. जे चावायचं होतं त्या सगळ्याचं तिनं बघता बघता चाटायचं करून टाकलं. घाईघाईत चीजला सवयीनं चिमूटभर मीठही लावलं गेलं. कुठल्या मोठ्या हॉटेलात असं काम बघायला माणसं पैसे देतील. मी भिंत पुसल्याचे डाग अंगावर घेऊन फुकट पाहत होतो.

ती वाट्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, फक्त एक घास."

मामांनी आधी ग्लास उचलला. आपल्यासाठी मुद्दाम भरलाय म्हणून मान राखायला घेतात तसा. एक घोट घेतला आणि थांबले. मग ग्लास नाकाशी नेला, परत एक घोट घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले.

"गुलाब?" मामा म्हणाले.

 मामांनी चीजचा चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. टाळूला जीभ लावून ते कितीतरी वेळ बसून राहिले, आणि बायको खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मग त्यांनी डोळे उघडले आणि भुवया वर चढवल्या.

"यात मीठ कुणी घालायला सांगितलं होतं तुला?"

"काय मामा?"

"चीज मुळात खारट असतं. त्यात परत मीठ? किती वेळा सांगायचं, हात आवर म्हणून!"

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रडत रडत ती हसत होती आणि "चुकले मामा, चुकले" असं म्हणत होती, जणू शाळेत तिचं नाव पहिल्या नंबरावर पुकारलं होतं. मामांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते जेवत होते. बिस्किटं चाखून म्हणाले, बदाम अंमळ जास्त भाजलेत. स्ट्रॉबेरी चाखून म्हणाले, उद्या खायला हव्या होत्या, आज जरा आंबट आहेत, पण या वाइनबरोबर आंबटच बऱ्या. चीजचा चमचा, त्यावर घोट. तिखट सलामी, त्यावर घोट. खारट, गोड, तिखट, परत गोड, अशी गाडी सुरू झाली. आणि सलामीची वाटी त्यांनी एक शब्दही न बोलता पावानं पुसून परत दिली. ती पुसलेली वाटी बायकोनं दोन्ही हातांनी घेतली.

चव आली होती! का आली याचा विचार तेव्हा आम्ही कुणी केला नाही. मी मनातल्या मनात सगळं श्रेय वाइनला दिलं आणि थोडं स्वतःला, ग्लास भरल्याबद्दल. मीही एक घोट घेतला. खरं सांगतो, मी आजवर इतकी लाघवी वाइन प्यायलो नव्हतो. फ्रिजमध्ये परत गार झाली होती आणि गारच हवी होती. जिभेवर बारीक बुडबुडे, मग गोडी, आणि ती चिकटून बसायच्या आत नाहीशी होणारी. वर त्या केकचा घास घेतला, तर कडू चॉकलेटाला कुणी फुलं माळल्यासारखं वाटलं.

इतक्यात आई ठेवणीतले कपडे घालून बाहेर आली. मामांनी नमस्कार केला, या विहीणबाई, म्हणाले. आई खुर्चीत बसली, तिनं मामांकडे निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "अरे, यांनी अजून दात घातले नाहीत? मी केव्हाचे त्या लाल औषधात टाकून ठेवलेत."

त्याच क्षणी मामांनी शेवटच्या घोटासाठी ग्लास उलटा केला होता. आत खणकन आवाज झाला. मामांनी ग्लास खाली घेतला आणि आत डोकावले. तळाशी त्यांचंच हसू होतं, तिरक्या सुळ्यासकट.

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, "हे माझे आहेत."

 संपलं सगळं, असं मला वाटलं. आता हे उठणार, तडक चपलावाल्याकडे जाणार, आणि माझी बायको जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. बोलली तरी चांगलं काही बोलणार नाही. आई एकटीच निवांत होती, कारण तिच्या मते दात जिथं असायला हवे होते तिथंच होते.

मामांनी चमच्यानं दात बाहेर काढले. बेसिनवर जाऊन धुतले, बसवले, परत येऊन खुर्चीत बसले. भरदार चेहरा, सुरेख हसू! त्यांनी चीजचा एक चमचा घेतला. चावला. गिळला.

"छान आहे," मामा म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. मामांचाही उतरला. त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि परत म्हणाले, छान आहे. मग ते स्वतःशीच काहीतरी विचार करत राहिले. त्यांनी हळूच दात काढले, रुमालात ठेवले आणि त्याच वाटीतला तिसरा चमचा तोंडात घातला.

"मीठ जास्तच आहे!"

मग केक आला. दात घालून केक छान होता. दात काढून केक अंमळ लवकर बाहेर काढायला हवा होता, आणि कोको दुसरा वापरायला हवा होता. दात घालून वाइन गोड पाणी होती. दात काढून तीच वाइन गुलाबाची बाग होती. मामा घालत होते, काढत होते, चाखत होते, आणि दर वेळी तिघांच्याही माना हळूहळू माझ्याकडे वळत होत्या.

"टाळूवर झाकण ठेवल्यासारखं वाटतंय, असं मी तुम्हाला म्हणालो होतो," मामा म्हणाले.

"सवय..." मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

चव एकट्या जिभेची नसते. टाळू मोकळी लागते, पदार्थाचा ऊन-गारपणा, मऊपणा तिला कळावा लागतो. हे आमच्या धंद्यातल्या पहिल्या धड्यात असतं. पण माझं काम इतकं देखणं झालं होतं, की त्याच्या मागं एक माणूस जेवतो हे मी विसरलो होतो. आयुष्यातल्या माझ्या सर्वोत्तम कवळीनं या परिसरातली सर्वोत्तम जीभ बंद करून ठेवली होती.

मला वाटलं मामा आता मला फाडून खातील. दात नसले म्हणून काय झालं! पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते. त्यांनी ग्लास पुढं केला आणि म्हणाले, उरलीय का ती? थंड आहे ना? मग सावकाश म्हणाले, "उद्या चपलावाल्याला सांग, जागा मिळायची नाही. आणि सकाळी लवकर ये. तुझा मिठाचा हात फार सुटलाय, एवढे दिवस कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही."

बायकोनं "हो मामा" म्हटलं आणि त्यांच्या ग्लासात वाइन ओतली. ओतण्याआधी तिनं ग्लासात वाकून पाहिलं.

ही वाइन आता मामांच्या रेस्टॉरंटमध्ये मिळते. घोटलेलं चीज, वाइनमध्ये भिजवलेली बिस्किटं आणि कडा कापलेला केक अशी थाळीच लावली आहे बायकोनं. लोक लांबून येतात. वाइन देतात ती गडद निळ्या ग्लासांत. मामांचा तसा हट्ट आहे आणि गिऱ्हाइकांना ती मोठी फॅशन वाटते. मामांना मी टाळू मोकळी ठेवणारी दुसरी कवळी करून दिली आहे. ती जरा ढिली बसते, आणि स्वयंपाकघरात शिरताना मामा तीही काढूनच ठेवतात. एकदा मी बायकोपाशी कुरकुर केली, की माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम एका ड्रॉवरमध्ये पडून आहे, हे काही मला सहन होत नाही. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सवय होईल."

अर्थात, ती कवळी अगदीच पडून असते असं नाही. सुट्टीच्या दिवशी बायकोला विश्रांती म्हणून घरचा स्वयंपाक मी करतो आणि मामांना आग्रहानं जेवायला बोलावतो. मामा न चुकता येतात. खिशातून एक डबी काढतात, पाठ फिरवून दात बदलतात, आणि मी वाढलेल्या प्रत्येक घासाला ते सुंदर हसू हसून म्हणतात, "छान आहे."